फुलाचं एकवचन

ओठांत दोन टाचण्या धरून ती पँटची दुमड बसवत होती आणि तशातच पुटपुटत होती, "फ्लोरेस. फ्लोरेस."

"आधी त्या टाचण्या काढा तोंडातल्या," वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या. "गिळाल एखादी, आणि सूनबाई यायच्या आत तुम्हालाच दवाखान्यात न्यावं लागेल."

तिने टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या. शिक्षिकाबाईंची अख्खी नोकरी कॉलेजात स्पॅनिश शिकवण्यात गेली होती. येणारी सून स्पॅनिश बोलणारी, म्हणून आता आठ दिवस त्या रोज दुपारी खाली येत होत्या, एका शब्दासाठी.

"फ्लोरेस म्हणजे पुष्कळ फुलं. एकच असेल तर फ्लोर."

"फ्लोर म्हणजे मजला ना?"

"तो इंग्रजीतला. हे निराळं. शिवाय आपलं फूल 'ते', त्यांचं 'ती'. ला फ्लोर. लास फ्लोरेस."

"फुलाला ती म्हणायचं?"

"कळीला नाही का म्हणत आपण?"

ते तिला पटलं. खडूने तिने एका चिंधीवर लिहून घेतलं आणि चिंधी मशीनच्या खणात ठेवली.

मुलाने फोनवर बजावलं होतं. "आई, तिला इथे आमच्या घरात राहवत नाहीये. ती पुढे येईल, मला आठवड्याने रजा मिळतेय. बाळाचा विषय काढायचा नाही. अवाक्षर नाही. तिला फुलं आवडतात. फुलांचं बोल."

"तू कसा आहेस?" तिने विचारलं होतं.

"मी बरा आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

सुनेला आठवा महिना होता. बाळ गेलेलंच जन्मलं. मुलगी होती, यापलीकडे सासूला काही ठाऊक नव्हतं. विचारायला तिची जीभ रेटली नव्हती. सुनेला तिने आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं, आणि दोघींनी एकमेकींना हात हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता ती आठवडाभर एकटीच घरात राहणार. तोंडून भलतंसलतं गेलं तर? न बोलावं तर तेही वाईटच. या धास्तीने तिने दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या आखूड कापल्या.

सून आली ती वाळून गेलेली. पोटावरून सैल झालेला झगा ती सारखा मुठीत धरत होती. त्या झग्याला दोन टिपा मारून द्याव्यात असं सासूच्या मनात आलं, पण तिने हात मागे घेतला. त्याऐवजी सुनेला गॅलरीत नेलं आणि शेवंतीच्या कुंड्यांकडे बोट करून एका दमात म्हणाली, "लास फ्लोरेस."

सुनेच्या ओठांची कड हलली. "सी," तिने होकार दिला. "लास फ्लोरेस."

जमलं! त्या दिवशी सासूने तोच शब्द पाचसहा वेळा वापरला. उशीच्या अभ्र्यावरच्या नक्षीलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी घालायला गेली, तर वर्षभर रुसून बसलेल्या गुलाबाला फूल आलं होतं. एकच. तिला इतका आनंद झाला, की ती तिथूनच ओरडली, "फ्लोर! फ्लोर!"

आत काहीतरी धडपडलं. सून अनवाणी धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. गुलाबाकडे तिने पाहिलंच नाही. ती खाली पाहत होती, कुंड्यांच्या मधल्या फरशीवर, दाराच्या आडोशाला. मग ती उंबऱ्यातच खाली बसली आणि तिने तोंडावर हात दाबला.

"चुकलं का गं? ला म्हणायला हवं होतं का? ला फ्लोर?" सासूने विचारलं. झारीतलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

ओरडणं ऐकून शिक्षिकाबाई जिन्यावरून खाली आल्या. त्या सुनेशेजारी बसल्या आणि हलक्या आवाजात काहीबाही विचारत राहिल्या. सून तुटक बोलली. बाईंनी वर पाहिलं.

"शब्द बरोबर होता तुमचा," त्या म्हणाल्या. "त्यांच्यात मुलींचं नावही असतं ते. बाळाचं ठेवलं होतं."

"नाव ठेवलं होतं?"

"मुलाने सांगितलं नाही?"

सासूने नाही म्हणून मान हलवली.

"ती म्हणतेय, कुणीच घेत नाही ते नाव. नवराही नाही. आज पहिल्यांदा कुणी मुलीला हाक मारली."

थोड्या वेळाने शिक्षिकाबाई आल्या तशा वर गेल्या. सासूने झारी कडेला ठेवली, हात पदराला पुसले. माफी कशी मागायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती सुनेला लगटून उंबऱ्यावर बसली.

बऱ्याच वेळाने सूनच उठली. आतून फोन घेऊन आली, त्यावर एक फोटो उघडून तिने तो सासूच्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

सासूने सुई ओवायचा चष्मा लावला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं. ती घाई न करता पाहत राहिली.

"नाक तुझं आहे गं," ती मराठीतच म्हणाली. "हनुवटी मात्र आमच्याकडची."

सुनेने वळून पाहिलं. तिला कळलं नव्हतं. सासूने फोटोतल्या नाकावर बोट ठेवलं, मग सुनेच्या. पुन्हा फोटोवर, आणि स्वतःच्या हनुवटीवर.

सून वाकली. दोन बोटांनी सासूची हनुवटी धरून तिने ती उजेडाकडे वळवली, आणि निरखून पाहू लागली.