घणकऱ्यांना कौल

माझा नवरा मधुकर पेडण्याच्या शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत राज्ये वसवतो. तीन वर्षे खपून त्याने एक खेळ रचला. मेजावर नकाशा पसरायचा, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचे, मधुकर गोष्ट सांगणार, शत्रूची बाजूही तोच खेळणार आणि पुढे काय करायचे ते आपण ठरवायचे. जमले की नाही हे फासे सांगणार. कल्पना छान होती, पण खेळायला बसले की झोप यायची. मागचे तीन रविवार आम्ही जांभया दिल्या आणि त्याने त्या मोजल्या असाव्यात. चौथ्या रविवारी सकाळी तो शांतपणे म्हणाला, "आज शेवटचा. आजही रंगला नाही तर हे सगळं रद्दीत देतो."

खरे सांगते, मला बरे वाटले. त्या कागदांनी माझ्या कपाटाचा एक खण अडवला होता. मग त्याचा चेहरा पाहिला आणि स्वतःचाच राग आला.

खेळायला तीन जण लागतात. मी होते, सुर्ल्याला खनिजाचे ट्रक चालवणारा माझा भाऊ श्रीनाथ आला होता, आणि शेजारच्या सगुणला नेमका त्याच दिवशी ताप आला. शेवटी मी सासूबाईंना मेजाशी बसवले. पार्वतीबाई म्हणजे गावच्या देवळातले सगळे मानपान तोंडपाठ असलेली बाई. लेकाच्या खेळाला त्या 'कागदांचो कचरो' म्हणत.

मधुकरने गोष्ट सुरू केली. घाटापलीकडून काळोखाचा राजा येतोय. आमच्या चिमुकल्या गावाला एकच मित्र निवडता येईल. एकीकडे राखणदार, रान सांभाळणारे. दुसरीकडे घणकरी, डोंगर फोडून लोखंड काढणारे. दोघांचे पिढीजात वैर. एकाचा हात धरला की दुसरा शत्रू.

"राखणदार," मी लगेच म्हणाले. "रान गेलं की पाणी गेलं."

"पाणी पिऊन लढतलं?" श्रीनाथ उसळला. "तलवारी कोण देतलो? घणकऱ्यांका काय पोरां-बाळां नाय?"

"डोंगर खाऊन पोरं वाढवतात!"

"तू मास्तरीण, तुका पगार मिळता!"

आता भांडण नकाशावरचे राहिले नव्हते. आमचे आवाज चढले आणि मधुकर घाबरून कागद चाळू लागला. एक मत इकडे, एक तिकडे. तिसरे मत सासूबाईंचे.

त्यांनी चष्मा वर केला. "ह्येंच्यात मानकरी कोण? पयलो नारळ कोणाचो?"

मधुकरने सगळी पाने पालथी घातली. "ता लिवक नाय, आई."

"मग कौल लाव."

"फासे आहेत ना," मी म्हटले.

"फाशान काय देव बोलता?" त्या उठल्या, देव्हाऱ्यापुढचा नारळ आणला, पाटावर बसवला. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्यांनी नारळाला चिकटवल्या. उजवी राखणदारांची, डावी घणकऱ्यांची. जी आधी पडेल तिचा कौल. "पंखो बंद कर गो, सुमंगला."

पंखा थांबला. आम्ही चौघे त्या दोन पाकळ्यांकडे बघत बसलो. घामाने पाठ भिजली, पण कुणी हलेना. तीन रविवार ज्या खेळात मी डुलक्या काढल्या, त्यात मी मनातल्या मनात देवाला साकडे घालत होते.

डावी पडली.

श्रीनाथने अशी आरोळी ठोकली की शेजारची गंगा खिडकीत आली. मी चिडून म्हणाले, "पंख्याचा वारा उरला होता. परत लावा!"

"देवाक दोनदा इचारूचा नसता," सासूबाई म्हणाल्या. "पण ज्येंका कौल नाय मिळाक, तेंका रागान घरी धाडूचा नसता. उबे रवा सगळे."

आणि हात जोडून, देवळात घालतात तसे खणखणीत आवाजात त्यांनी गाऱ्हाणे, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने विनवणी, सुरू केले. "बा देवा म्हाराजा! आज घणकऱ्यांका कौल दिलंस..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"राखणदार मनात दुखावले असतीत, तर पयलो नारळ तेंच्या हातान फुटांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"दोनय भाव एका पंगतीक बसांदेत, आनि तो काळोखाचो राजा घाटारच उलटो पडांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज मधुकरचा. काळोखाचा राजा तो स्वतःच होता, हे बिचारा साफ विसरला होता. श्रीनाथने त्याला ते सांगितले आणि आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या.

मग त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. "हां. मगे काय झाला?"

मधुकरचे हसू थांबले. हातातले कागद त्याने मेजावर ठेवले. "आई, पुढचा माका ठाऊक नाय. दोनय एकाच बाजूक येतीत, असा मी लिवकच नाय."

मला वाटले, संपले.

"मग लिव," सासूबाई म्हणाल्या. "आमी बसलेले आसंव."

तीन वर्षांत त्याला हे कुणी म्हटले नव्हते. मीसुद्धा नाही. मधुकर आईकडे बघत राहिला, डोळे भरून आले, तरी हसत होता. मी पेनाचे टोपण काढले आणि पेन त्याच्या हातात दिले.