आवाजासाठी जागा

"काका, साठवायचं काय आहे ते आधी सांगा. फोटो? सिनेमे?" दुकानातल्या बाईंनी विचारलं.

"आवाज," तो घोगऱ्या सुरात म्हणाला. "माझाच."

बाई हसणार होत्या, पण शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीचा चेहरा पाहून थांबल्या.

एकतीस वर्षं त्याने बसस्थानकावर गाड्या पुकारल्या होत्या. त्याच्या एका वाक्यासरशी माणसं सामान उचलून धावत सुटायची. आता घशातली गाठ वाईट निघाली होती आणि सोमवारी त्याची स्वरपेटीच काढायची होती. म्हणून लेक पंधरा दिवस त्याला समोर बसवून बोलतं करत होती. घरातल्यांना मारायच्या हाका, नातीच्या गोष्टी, खास ठेवणीतल्या शिव्यासुद्धा. सकाळी एक गोष्ट ऐन रंगात आली असताना संगणकाने हात वर केले. लेकीच्या कामाच्या नकाशांनी तो आधीच तुडुंब भरला होता.

बाईंनी दोन हार्ड डिस्क काढल्या. "ही मोठी, पण आत तबकडी फिरते, पडली की संपलं. ही छोटी, जागा निम्मी, पण आत हलणारं काहीच नाही. दणकट आहे. किती तासांचं आहे?"

"चाळीसेक," लेक म्हणाली.

"मग काय! एका कोपऱ्यात मावेल. साध्या पेनड्राइव्हवरही भागेल."

त्याचा चेहरा पडला. "एवढासाच होतो होय मी?"

"कोपऱ्यात आत्तापर्यंतचं, बाबा," लेक म्हणाली. "बाकीची जागा पुढच्याला."

"पुढे मी कसला बोलतोय!"

"डॉक्टर काय म्हणाले? शिकलात तर बोलाल. वेगळा आवाज असेल. तोही ठेवू."

तो बराच वेळ दोन्ही डिस्क तळहातांवर तोलत राहिला. मग छोटी पुढे सरकवली. "ही द्या. घरात नात आहे, पडणार हे ठरलेलंच."

"आणि काका, एक प्रत दुसरीकडेही ठेवा हं," बाई म्हणाल्या.

रविवारी गोष्ट पुरी झाली. सोमवारी ऑपरेशन झालं.

शब्द फुटायला चार महिने गेले. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रावर बोट दाबून, आत बसवलेल्या झडपेच्या आधाराने तो पहिलं वाक्य बोलला, तेव्हा लेकीने ते टिपलं. ऐकून त्याने तोंड वाकडं केलं. "पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटतंय. पुसून टाक."

"अजिबात नाही," लेक म्हणाली.

पुढच्या तपासणीला गेला, तेव्हा नर्सने त्याला एका खाटेपाशी नेलं. एक शिंपी भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याचंही तेच ऑपरेशन होतं.

त्याने छिद्रावर बोट ठेवलं. "विचारा. काय विचारायचं ते."

शिंपी दचकून वळला. त्याच्या गळ्याकडे, मग तोंडाकडे बघत राहिला.

"फोनवर... कळतं लोकांना?"

"कळतं. दोनदा सांगावं लागतं."

शिंप्याने पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्याच्यासाठी जागा केली.