घोंगडीखाली काढलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण माझ्यासमोर बसून आजवर कुणी हसलेलं नाही की केस सारखे केलेले नाहीत. लग्नं, बारशी, वेरूळची लेणी, यांतलं मी काहीच पाहिलेलं नाही. मी माणसाच्या डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावतो आणि अगदी तळाशी जो पडदा असतो त्याचा फोटो काढतो. दिसायला मी काही देखणा नाही. हनुवटी टेकवायला एक वाटी, कपाळ टेकवायला एक पट्टी आणि समोर माझं एकुलतं एक भिंग. मुलं मला बघून हमखास विचारतात, दुखतं का? दुखत नाही. एकदा लख्ख उजेड पडतो, तेवढंच.

आतला हा पडदा फार सुंदर असतो बरं का. पिकलेल्या पपईच्या गरासारखा त्याचा रंग. एका बाजूला फिकट गोल ठिपका, त्यातून निघून चहूकडे पसरलेल्या लाल रेघा, आणि मधोमध थोडी गडद जागा. आईचा चेहरा तुम्ही ओळखता तो त्या गडद जागेच्या जोरावर. दोघांचे पडदे एकसारखे असलेले मी कधीच पाहिले नाहीत, जुळ्या भावांचेसुद्धा नाहीत. म्हणून इतकी वर्षं हेच काम करूनही मला कंटाळा कसा तो आलेला नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि एका हौशी मावशींनी कुंकवाचं बोट थेट माझ्या भिंगालाच लावलं. त्या दिवशी ज्यांचे फोटो काढले त्या सगळ्यांच्या पडद्यावर एकाच जागी लाल डाग आला. डॉक्टर चक्रावून गेल्या होत्या.

पुढे माझं फार कौतुक झालं. गुलमंडीतले कापडवाले, गावाकडचे शेतकरी, शाळेतल्या बाई, सगळे माझ्यापुढे हनुवटी टेकून गेले. मग पडद्याचा एकेक पदर उलगडून दाखवणारं नवं यंत्र आलं. मला मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत ढकलून वर जुनी चादर टाकली. कितीतरी दिवस मला चादरीची आतली बाजूच काय ती दिसायची. तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मला तिथून बाहेर काढलं ते डॉक्टर मॅडमना पडलेल्या एका प्रश्नाने. दोन बायका एकाच वाडीतल्या, एकाच वयाच्या, दोघींना शुगर, तीही सारखीच. तरी एकीचा पडदा धुतल्यासारखा स्वच्छ आणि दुसरीचा रक्ताळलेला. असं का? उत्तर शोधायचं तर त्याच माणसांचे फोटो ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा काढायला हवेत, शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत. नवं यंत्र नाजूक, त्याला खड्ड्यांचे रस्ते सोसवले नसते. म्हणून माझी आठवण झाली. मला एका व्हॅनमध्ये बसवलं. चालवायला कचरूभाऊ आणि डोळे तपासायला विशाखा. विशाखा रोज सकाळी मऊ कापडाने माझं भिंग पुसायची. चादरीखाली राहिलेल्याला त्याचं काय वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

वेरूळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे. तिथे मला राजाबाई भेटल्या. मेंढरं राखणारं घर, पायाला भिंगरी, बोलणं सडेतोड. विशाखाने त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. या थेंबांनी बाहुली मोठी होते आणि मला आतलं सगळं दिसतं. राजाबाईंच्या दोन्ही पडद्यांवर रक्ताचे बारीक ठिपके होते, डाव्यात जास्त. विशाखा म्हणाली की शहरात येऊन उपचार घ्या. राजाबाई हसल्या. समोरच्या टेकडीवरची कोणती मेंढी लंगडते हे त्यांना इथून दिसत होतं, मग उपचार कशाचा? त्यांचं तरी काय चुकलं? डोळ्याचा पडदा दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत बिघडत राहतो. विशाखाने सगळ्यांना सांगते तेच त्यांनाही सांगितलं. आज गाडी चालवू नका, वाचू नका. राजाबाई बरं म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या खेपेला त्यांच्या दाराला कुलूप. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. पाऊस सरला की ही माणसं मेंढरं घेऊन चाऱ्यामागे खाली उतरतात, आणि आमची व्हॅन यायची नेमकी तेव्हा. राजाबाईंचे यजमान सोनाजी, त्यांचा फोन लागत नव्हता. विशाखाला चैन पडेना. तो डावा पडदा तिच्या नजरेसमोरून जात नव्हता.

शेवटी कुणीतरी सांगितलं की खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवतात, तेव्हा माणसांना नका शोधू, कुणाच्या रानात मेंढ्या बसल्यात ते विचारा. मग आम्ही रानोरान विचारत निघालो. कचरूभाऊ वैतागले होते. डोळ्यांची गाडी म्हणून नोकरी धरली आणि आता मेंढ्या हुडकतोय, असं ते वाटेतल्या प्रत्येक म्हशीला ऐकवत होते.

एका वेचून झालेल्या कपाशीच्या रानात कळप दिसला. भर दुपार होती. व्हॅन पाहताच राजाबाईंनी पाठ फिरवली. विशाखा जवळ गेली तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. डावा डोळा उघडा होता, पण तो कुणाकडे बघत नव्हता.

"त्या मशिनीपुढं मी आता बसायची न्हाई," त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या दिवशी थेंब घालून त्या तशाच मेंढरांमागे गेल्या. ऊन डोळ्यांत शिरलं, सगळं रान पिठात बुडवल्यासारखं पांढरं झालं. लांडगा आला. हाताच्या अंतरावरून कोकरू उचललं. ओरडणं ऐकू आलं, दिसलं काहीच नाही. आणि पुढे काही दिवसांनी डाव्या डोळ्यापुढे काळं जाळं आलं आणि मग सगळंच मिटलं. राजाबाईंनी दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. मशिनीनं आधी कोकरू खाल्लं, मग डोळा.

"मावशी, मी सांगितलं होतं ना तुम्हाला," विशाखा म्हणाली.

"काय सांगितलंस? गाडी चालवू नका. मी कवा गाडी चालवली? वाचू नका. मला अक्षर येत न्हाई. म्हणलं, बरं झालं माय, आपल्याला कशाचीच मनाई न्हाई. मेंढरांमागं जाऊ नका, असं एक डाव म्हणाली असतीस तर गेले असते का मी?"

विशाखा म्हणाली, "तसं नाही म्हटलं मी. चुकलं माझं."

तिथेच ढेकळांवर बसून तिने समजावलं. थेंबांनी आलेला पांढरेपणा संध्याकाळी जातो. डावा डोळा गेला तो आतल्या रक्तस्रावाने. तेच उजव्यात चाललं असेल तर आत्ताच बघायला हवं. राजाबाईंनी मान हलवली. थेंब नको म्हणजे नको.

"बरं, थेंब नको. नुसता अंधार करू," विशाखा म्हणाली.

मित्रांनो, इथे तुम्हाला माझी एक गंमत सांगतो. अंधारात बाहुली आपली आपण मोठी होते, मांजराची होते ना तशी. पुरेसा काळोख मिळाला तर मी थेंबांशिवायही फोटो काढू शकतो. तो जरा कमी स्वच्छ येतो, म्हणून सगळ्यांना थेंबांची सवय लागली. पण व्हॅनच्या खिडकीचा पडदा विरलेला, दुपारचं ऊन सगळीकडून आत येत होतं. कळपाशी उभे असलेले सोनाजी पुढे आले. त्यांनी खांद्यावरची काळी घोंगडी काढून विशाखापुढे धरली.

"ही घ्या. हिच्यातून पाऊस बी आत येत न्हाई, उजेड कुठून येतोय."

एकाच घोंगडीखाली मी आणि राजाबाई. लोकरीचा, धुराचा, मेंढरांचा वास. राजाबाई पुटपुटल्या, "मशिनीसंगं एका घोंगडीत बसवलं. आता भावकी काय म्हणंल?" बाहेर कचरूभाऊंना हसू आवरेना. मी मात्र कामात होतो. बाहुली हळूहळू उघडत होती. माझ्याजवळ एक असा उजेड आहे जो माणसाला दिसत नाही. त्यात बघत मी वाट पाहिली आणि अचूक वेळी लख्खकन चमकलो.

उजव्या पडद्यावर नको ते उगवलं होतं. नव्या, केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं जाळं, इतकं कच्चं की कधीही फुटेल. विशाखाने फोटो डॉक्टर मॅडमना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. याच आठवड्यात लेझर.

आणि लेझरला थेंब लागतातच.

विशाखाला ते झाकून ठेवता आलं असतं. तिने ठेवलं नाही. "मावशी, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत धड दिसणार नाही. मेंढरांमागं जायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. डावा परत येणार नाही. कडेचं थोडं अंधूकही होईल. पण आहे तो डोळा राखता येईल."

"अन् न्हाई केलं तर?"

"डाव्यासारखं होईल."

राजाबाईंनी कळपाकडे पाहिलं. एका डोळ्याने. मग सोनाजींना म्हणाल्या, "कडुबा भावजीला बोलवा. मेंढरं त्याच्या हवाली करा, अन् तुम्ही माझ्यासंगं चला. येताना हात कोण धरंल?"

लेझर मी पाहिलं नाही, मला व्हॅन सोडून जाता येत नाही. पण पुढचे फोटो मीच काढले. पडद्याच्या कडेने फिकट ठिपक्यांच्या ओळी होत्या, कुशल रफूगाराने टाके घातल्यासारख्या. नको असलेलं जाळं वाळून गेलं होतं. मधली गडद जागा शाबूत होती. राजाबाईंच्या शेजारच्या पारूबाईंनाही तेवढीच शुगर, तरी त्यांचा पडदा अजून का बिघडला नाही, याचं उत्तर मात्र डॉक्टर मॅडमना मिळालेलं नाही. मलाही नाही. शोध चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला शुगर असेल तर त्यांना एवढंच विचारा, डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढलात का? मला स्वच्छ दिसतं, असं ते म्हणतील. राजाबाईही तेच म्हणाल्या होत्या. त्यांना स्वच्छ दिसत असतानाच माझ्यासमोर घेऊन या. एकदा विझलेलं मला पुन्हा लावता येत नाही, कुणालाच नाही.

परवा व्हॅन वाडीत गेली तेव्हा राजाबाई आपणहून आल्या. आज मेंढरं कुणाकडं दिलीस, असं त्या रांगेतल्या प्रत्येकीला दरडावून विचारत होत्या. स्वतःची पाळी आली. उजव्या डोळ्याचा फोटो झाला आणि विशाखाने मला डाव्याकडे वळवलं.

"त्यात काय ऱ्हायलंय आता?" राजाबाई म्हणाल्या.

विशाखा म्हणाली की आतलं रक्त आता निवळलंय, नजर येणार नाही पण पडदा दिसेल. तो डोळा नेमका कसा गेला, आधी काय बिघडलं, हे जुन्या फोटोशी ताडून बघायचंय.

"माझ्या डोळ्यावरून दुसरीचा वाचंल?"

"वाचेल असं वाटतं, मावशी. अजून नक्की माहीत नाही."

राजाबाईंनी पदर कानामागे खोचला, हनुवटी वाटीत टेकवली आणि तो न बघणारा डोळा माझ्यासमोर मोठा उघडला.

"मग नीट काढ," त्या म्हणाल्या. "घाई करू नको."