उताऱ्यातला चेकर

पेपर काढणाऱ्या साहेबा, सुंदरम्मा नापास झाली नाही. तू तिला नापास केलंस.

आणीबाणीचं साल. सोलापुरात एका संस्थेला बालवाडीसाठी बाई पाहिजे होती. सुंदरम्माची हयात विड्या वळण्यात गेलेली. तंबाखूनं छातीत खोकला घर करून बसलेला. डॉक्टर म्हणाला, "हे काम सोड, न्हाईतर जाशील." सोडून खायचं काय? म्हणून ती ईरप्पा मास्तरांकडं लिहायवाचायला शिकली आणि त्या जागेच्या परीक्षेला बसली.

उतारा आला तोही विडी कारखान्याचाच. लेखकानं चेकरची, म्हणजे विड्या तपासून घेणाऱ्याची, आरती ओवाळलेली. काय ती नजर, काय तो न्याय, बायकांचा जणू बापच! खाली प्रश्न : 'तपासनिसाविषयी लेखकाची भावना कोणती?'

सुंदरम्मानं बेधडक लिहिलं, 'भीतीची.'

तेवढ्या एका उत्तराच्या मार्कानं ती हुकली. मास्तर संस्थेत जाऊन पेपर बघून आले, ते कपाळाला हात लावूनच.

"अगं, एवढं कौतुक केलंय की त्यानं! आदर लिहायचं सोडून भीती कुटनं काढलीस?"

"कौतुकातनंच काढली की, मास्तर. चेकरम्होरं टोपलं ठेवलं की आमी बाया काय म्हणतो? अण्णा, तुमच्यावानी देवमाणूस न्हाय. तसं न्हाय म्हटलं तर चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला फेकतोय. मजुरी बुडली, विड्या बी त्याच्याच. मनापासनं त्याला बाप म्हणणारी एक बाई दावा मला."

"पण लेखक कुटं विड्या वळतोय?"

"मग त्याला चेकर काय ठावं?"

शेजारची गंगम्मा मांडीवर सूप घेऊन पानं कापत होती. ती फिसकन् हसली. "बग गं बाई! अडाणी हुतीस तवा कुणी नापास तरी करत नव्हतं."

"परत कवा घेत्यात परीक्षा?" सुंदरम्मानं विचारलं.

"जागा भरली," मास्तर खाली बघत म्हणाले.

"व्हय?" एवढंच म्हणून तिनं सूप ओढलं, चिमूटभर तंबाखू पानावर पसरली. तेवढ्यात ढास लागली. गंगम्मानं हसणं थांबवून पाण्याचा तांब्या पुढं केला. खोकला ओसरला, तशी सुंदरम्माची बोटं परत चालू झाली. आता ती मरेपर्यंत चालणार.

साहेबा, चेकरपुढं टोपलं घेऊन तू कधी उभा राहिलास? लेखकाच्या पोटात आदरच होता, भीती नव्हती, हे तुला कुणी सांगितलं? बोल की!