शाडूच्या थराखालून

मी गांडूळ बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण वर पावलं वाजतायत आणि ती कुणाची आहेत ते अजून कळलेलं नाही.

राहायला मी इंग्लंडातल्या रीडिंगमध्ये. यतीन आणि ऋजुता यांच्या घरामागे जे लॉन आहे, त्याच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यात, खाली. शाळेच्या पुस्तकात मला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात असं ऐकून आहे. इथे शेतकरी कुणी नाही. यतीन पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला, ऋजुता हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तेव्हा मी नक्की कुणाचा मित्र, हे मला सहा वर्षांत समजलेलं नाही.

आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. आमच्यात शूर निघालाच कुणी, तर तो ब्लॅकबर्ड नावाच्या काळ्या पक्ष्याच्या पिवळ्या चोचीत जातो. मला डोळे नाहीत, कान नाहीत, फुप्फुसंही नाहीत. मी कातडीनेच श्वास घेतो. माती ओलसर आणि मोकळी असली की हवा आपोआप अंगाला लागते. माती आवळली गेली की गळा आवळल्यासारखं होतं, आणि मला तर सगळा गळाच आहे. वरचं जग मला पावलांवरून कळतं. माणसं बोलतात तेही मातीतून झिरपत खाली येतं.

माझा जन्म मसुरीच्या दाण्याएवढ्या कोशात झाला. तेव्हा इथली माती रव्यासारखी मोकळी होती. मी सरळ खाली हातभर खोल बीळ केलं आणि त्यालाच घर म्हणालो. संध्याकाळी तोंड वर काढायचं, पडलेलं पान ओढून आत न्यायचं, जरा खुट्ट झालं की खाली. एवढाच माझा दिनक्रम, आणि मला तो पुरत होता.

मग या दोघांनी घर घेतलं आणि पहिल्याच वर्षी गणपती बसवला. शाडूची मूर्ती होती. विसर्जन लॉनवर, निळ्या टबात. मूर्ती विरघळली तेव्हा ऋजुता म्हणाली, "पाणी कोपऱ्यात ओतू या. बाप्पाच्या पाण्यावर कुणाचा पाय पडायला नको." तो कोपरा म्हणजे माझं छप्पर. तरी त्या वर्षी मी खूश होतो. चार दूर्वा मिळाल्या, त्या खाली नेऊन प्रसाद म्हणून खाल्ल्या.

पुढच्या वर्षी यतीनचा मित्र परीक्षित म्हणाला, "अरे, आमच्या फ्लॅटला साधी बाल्कनी पण नाहीये. आमचा बाप्पा तुझ्याकडेच विसर्जन करतो, ओके?" यतीनला नाही म्हणता येत नाही. पाचव्या वर्षापर्यंत अकरा गणपती या टबात विरघळायला लागले, आणि अकरांचं पाणी त्याच कोपऱ्यात. भक्तीत खोट नव्हती कुणाच्या. पण शाडूचा कण फार बारीक असतो. तो मातीच्या फटीत जाऊन बसतो आणि हलत नाही. दर वर्षी एक साय धरायची, आधीच्या सायीवर.

कोपऱ्यात उंचवटे आले. ते यतीनला खटकले. शेजाऱ्याकडे पोटात पाणी भरून जड करायचा लोखंडी रोलर होता, तो मागून आणला आणि ओल्या शाडूवर फिरवला. एकदा नाही, दर वर्षी, चांगला तासभर. "बाबा मैदानावर असंच करायचे," तो ऋजुताला कौतुकाने सांगायचा. मी खाली अंग चोरून पडून राहायचो. डोक्यावर पृथ्वी गोल गोल फिरतेय असं वाटायचं. माझ्या वरच्या अंगाला राहणारा एक गांडूळ हादऱ्यांना पाऊस समजून बाहेर आला, तो परत गेलाच नाही. त्या दिवसापासून कुठलाही आवाज आला तरी मला तो रोलरच वाटतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही उगाच नाही.

गेल्या सप्टेंबरात मात्र हद्द झाली. टब ओतला आणि पाणी मुरेचना. चार दिवस तिथे डबकं. वर गवत कुजलं, खाली हवा संपली. मी बिळाच्या तळाशी निपचित पडलो. ऋजुता कासावीस झाली होती, तिचं कारण वेगळं. "यतीन, कचरा टाकायला जाताना त्यातच पाय पडतो रे. बाप्पाच्या पाण्यात. मला अजिबात बरं वाटत नाही."

"मी बघतो काहीतरी," यतीन म्हणाला, आणि त्याने एका माणसाला बोलावलं. जड बुटांचा माणूस होता. त्याने टेप लावून मोजलं आणि सांगितलं, ते यतीनने घरात जाऊन पुन्हा सांगितलं, म्हणून मला दोनदा ऐकावं लागलं. "सिंपल आहे. वरची तीन इंच माती काढून टाकणार, दगडाची भुकटी टाकून मशीनने ठोकणार, वर जाड कापड आणि त्यावर आर्टिफिशियल ग्रास. पंधरा वर्षं बघायला नको. मंडेला येतायत."

पंधरा वर्षं! मला पंधरा दिवस काढता आले नसते. वर ठोकलेला दगड, त्यावर कापड, त्यावर प्लास्टिक. पान नाही, दव नाही, हवा नाही. मला पळायचं होतं, पण पळून जाणार कुठे? एका बाजूला पॅटिओच्या फरश्या, दुसऱ्या बाजूला कुंपणाचं काँक्रीट.

घरात तेव्हा यतीनचे वडील आलेले होते, पुरुषोत्तम. सहा महिन्यांच्या व्हिसावर. ते दुसऱ्या दिवशी सकाळी लॉनवर आले आणि मी दचकलो, कारण पावलं अनवाणी होती. या देशात अनवाणी कुणी येत नाही. ते कोपऱ्यात आले, खाली बसले आणि बोटांच्या पेरांनी जमिनीवर टकटक केलं. मग मोठ्याने हसले.

"यतीन, इकडे ये. बूट काढून ये."

"बाबा, थंडी आहे."

"काढ म्हणतो ना. खेळपट्टीवर बूट घालून कुणी येतं का?"

"खेळपट्टी?"

"मग हे काय आहे? चिकण माती, वर पाणी, वर रोलर. चाळीस वर्षं क्लबच्या मैदानावर मी दुसरं काय केलं? मला सांगितलं असतंस तर स्टंपपण आणले असते." मग आवाज खाली आला. "गवत मेलेलं नाही रे. गुदमरलंय. जमिनीला भोकं पाडायला लागतील. मला शनिवारपर्यंत वेळ दे."

यतीनने डोकं खाजवलं असावं. "ओके बाबा. सॅटर्डेला इथे एक बादली ओतू. संध्याकाळपर्यंत मुरली तर ठीक. नाहीतर मंडेचं कॅन्सल करणार नाही मी, आधीच सांगतो. ऋजुताला रोज त्रास होतोय."

"चालेल," बाबा म्हणाले.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! दुपारी शेडमधून चार दातांचा गार्डन फोर्क निघाला. बाबा तो जमिनीत रोवायचे, त्यावर पाय देऊन जोर लावायचे, मागेपुढे हलवायचे आणि उपसून काढायचे. मग एक वीत मागे सरकून पुन्हा. खच्च. खच्च. तुम्ही घरात बसला आहात आणि छतातून भाले येतायत, अशी कल्पना करा. मी वेडावाकडा धावलो, म्हणजे आमच्या मानाने धावलो, आणि चुकीच्या दिशेने, वर थरातच घुसलो. एक दात थेट माझ्या शेपटीवर उतरला.

फोर्क वर गेला तो माझा तुकडा घेऊनच. बाबांचे हात थांबले.

"अरेरे. लागलं की याला."

"बाबा, ते कापलं की दोन होतात," यतीन पॅटिओवरून म्हणाला.

"कुणी सांगितलं तुला? तुला कापलं तर दोन यतीन होतील का?"

बाबांचं बरोबर होतं. दोन होत नाहीत. एकच राहतो, आखूड. बाबांनी तो तुकडा मातीत झाकला आणि म्हणाले, "चुकलो रे." मी हे मातीची शपथ घेऊन सांगतो, सहा वर्षांत या लॉनवर मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

पण त्याच संध्याकाळी ऋजुता चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा बाबा तिला काय सांगत होते ते ऐकून माझं उरलेलं अंगही गार पडलं. "खेळपट्टीवर गांडूळ म्हणजे आमचा शत्रू. रात्रीतून मातीचे गोळे काढून ठेवतं, चेंडू वाकडा उडतो. औषध घालून मारायचो आम्ही. हजारो मारली असतील मी."

"अहो बाबा, मग आज एकाला लागलं तर एवढं का वाटून घेताय?"

"कारण आता अडलंय माझं," बाबा म्हणाले. "भोकं मी पाडली. पण हा फोर्क वीतभरच जातो, आणि खाली अजून चार बोटं घट्ट थर आहे. माझा पाय आता तेवढा जोर देत नाही. मगाशी तांब्याभर पाणी टाकून बघितलं. भोकात जसंच्या तसं उभं आहे. खालून वाट व्हायला पाहिजे, आणि ती माणसाच्या हातची नाही."

म्हणजे माझ्या हातची. ज्याला हातच नाहीत त्याच्या.

मी तळाशी वेटोळं करून पडलो. वर हजारोंना मारणारा माणूस. त्याच्याही वर ब्लॅकबर्ड. शेपटी ठणकत होती. वर जायचं नाही असं मी पक्कं ठरवलं. पण सोमवार येणारच होता. आणि आणखी एक गोष्ट झाली. त्या भोकांमधून, थराला कुठेतरी पडलेल्या बारीक चिरेतून, थोडीशी हवा खाली आली. गार, ओली, पानांच्या वासाची. पाच वर्षांत असा श्वास मी घेतला नव्हता. तो घेतल्यावर मला खाली पडून मरायची भीती जास्त वाटायला लागली.

मी वर निघालो. आम्ही खणत नाही, खातो. भोकात उभ्या असलेल्या पाण्याने थर खालपर्यंत जरासा मऊ झाला होता. मी शाडू खाल्ला. त्याला काही चव नाही, फक्त गच्चपणा आहे. कुठे जुन्या कुंकवाचा कण लागायचा, कुठे कुजलेल्या दूर्वेची काडी. खात होतो आणि थरथरत होतो. दर थोड्या वेळाने थांबायचो, वर पाऊल वाजतंय का बघायचो, मागे पळायचो, पुन्हा यायचो. शुक्रवार संपेपर्यंत बाबांची तीन भोकं माझ्या बिळाला येऊन मिळाली. आणखी दोन बहुतेक दुसऱ्या कुणी केली. आम्ही एकमेकांशी बोलत नाही, पण तिकडूनही कुरतडल्यासारखं जाणवत होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. पाण्याला वाट दिली, ती माझ्या घरातून.

शनिवारी बादली ओतली. वरून सगळं पाणी गडगडत माझ्या बिळात आलं. मी अंगावरचे बारीक काटे भिंतीत रुतवले आणि चिकटून राहिलो. भिंतीचं अस्तर गेलं, साठवलेली पानं गेली, सहा वर्षांचा संसार खाली वाहून गेला. मला वाटलं, हेच माझं विसर्जन. मग पाणी उतरलं, आणि पाण्याच्या मागून हवा आली.

वर तिघांची पावलं भोकांपाशी आली.

"बाबा," यतीनचा आवाज आला, "गेलं की सगळं! अर्धा तास पण नाही झाला."

बाबा भोकापाशी वाकले होते. तिथे मी टाकलेली मातीची वळकटी पडली होती, त्यांनी आयुष्यभर झाडूने उडवली तसली. त्यांनी ती बोटावर घेतली. "हे मी नाही केलं, यतीन. यांनी केलं." आणि मग अगदी जमिनीला तोंड लावून, ऋजुताला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "फार मारली रे मी तुमची."

मला भीती वाटत होती. रागही आला होता, खरं सांगायचं तर. पण त्यांचे पाय अनवाणी होते, आणि गारठ्याने थरथरत होते, माझ्यासारखेच.

यतीनने त्या जड बुटांच्या माणसाला फोन केला. कॅन्सल नाही केलं, पुढे ढकललं. "लेट्स सी इन स्प्रिंग," म्हणाला. बाबांनी भोकांत वाळू भरली, पुढल्या वर्षी शाडूचं पाणी अकरा घरांच्या कुंड्यांमध्ये वाटून द्यायचं असं ऋजुताकडून कबूल करून घेतलं, आणि ऑक्टोबरच्या शेवटी पुण्याला परत गेले.

आता मार्च चालू आहे. कोपऱ्यात गवताचे हिरवे कोंब आलेत, त्यांची मुळं माझ्या पाठीला गुदगुल्या करतात. मी आखूडच राहिलो, पण श्वास येतो. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या देवाला निरोप द्या, हवं तसं नाचा, पण पायाखालच्या जमिनीला श्वास घेऊ द्या. तिथे कुणीतरी राहतं, आणि ते तुम्हाला फार घाबरतं.

पण स्प्रिंग म्हणजे हेच ना? आणि आज शनिवार. सकाळपासून पॅटिओवर जड पावलं वाजतायत. काहीतरी लोखंडी फरशीवर आपटलं. मशीन असेल. टेप असेल. मी तळाशी जाऊन बसलोय.

पावलं लॉनच्या कडेला थांबली. एक बूट काढल्याचा आवाज. दुसरा.

आता अनवाणी येतायत. बाबांची नव्हेत, त्यांच्यापेक्षा जड आणि नवखी. "बाबा, दिसतंय ना? फोन नीट धरलाय मी," यतीन म्हणतोय. "बूट काढलेत. बघा."

आणि फार लांबून, खरखरत, तो आवाज: "सावकाश रोव. कोपऱ्यात जपून. तो तिथेच राहतो."

पहिलं खच्च लॉनच्या लांबच्या टोकाला झालं. दुसरं जरा जवळ. मी थरथरतोय. वरून हवा यायला लागली आहे, आणि मी माझी उरलेली शेपटी आवरून घेतोय.