दीर धरता येत नाही

बाईंचा कवळ्या बनवायचा छोटा कारखाना होता. दातांचे डॉक्टर माप पाठवत आणि इथे पाच कामगार मिळून कवळी तयार करत. त्यांतला घासकाम करणारा बाईंचा सख्खा दीर. सतरा वर्षं चाकासमोर बसून त्याच्या छातीत बारीक भुकटी साठली होती. बोलता बोलता खोकल्याची उबळ यायची. निदान पाच कामगारांचा आरोग्यविमा मालकाने उतरवला तर करात सवलत मिळते, असं कळल्यावर बाईंनी त्याच आठवड्यात विमा उतरवला.

सवलतीचा अर्ज मात्र परत येत राहिला. एकदा शिक्का पुसट होता, एकदा अर्जाचा नमुनाच बदलला होता. तिसऱ्या खेपेला कारकुनाने यादीवर बोट ठेवून सांगितलं, की मालकाचे नातेवाईक कामगारांत धरत नाहीत. म्हणजे तुमचे चारच. बाईंनी परोपरीने समजावलं, की सगळ्यांत आधी हाच येतो, हजेरीपटावर याचीही सही असते. कारकून वाईट नव्हता. मिस्टर कधी गेले, असं त्याने विचारलं. सहा वर्षं झाली, असं कळल्यावर त्याने आवाज खाली आणला.

"मग सोपं आहे. पतीच्या निधनानंतर यांच्याशी नातं उरलेलं नाही, असं लिहून द्या. लगेच मंजूर करतो."

बाई अर्ज उचलून बाहेर पडल्या. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

दिराने ऐकलं आणि चाक बंद केलं. "लिहून टाका, वहिनी. कागदावर लिहिल्याने काय होतंय?"

"मला होतंय," बाई म्हणाल्या. "हे गेले तेव्हा कारखान्याला कुलूप लागू दिलं नाहीत तुम्ही. आता मी लिहून देऊ, की तुम्ही माझे कोणी नाही?"

तो रुसला. आपल्यापायी भुर्दंड बसला म्हणून दोन दिवस धड बोलेना. बाईंनी पूर्ण कर भरला आणि त्या दिवशी सगळ्यांवर करवादल्या. प्लास्टर कालवणारीने तर आपला डबा बाहेर पायरीवर नेऊन खाल्ला.

शेवटी बाईच म्हणाल्या, "विमा तर उतरवून झालाय, भावोजी. निदान छाती तरी दाखवून या."

तो कुरकुरत गेला. फोटोत डाग निघाले. औषधं सुरू झाली, घासकाम सुटलं. त्याला साच्यांवर बसवून बाईंनी चाकावर नवा माणूस घेतला, आणि त्याच्यासाठी आधी भुकटी ओढणारा पंखा लावला.

आता नात्याबाहेरचे पाच झाले. बाई पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, तर यंदाची मुदत आठ दिवसांपूर्वीच संपली होती. पुढच्या वर्षी या, असं कारकुनाने नम्रपणे सांगितलं.

बाई कारखान्यात परतल्या आणि त्यांनी अर्ज पुढच्या वर्षासाठी हजेरीपटात घालून ठेवला.