घरात कोण कोण?

शीलानं पाण्याचा पेला राखीच्या हाती देता देता मागं घेतला.

"कोणाले मागून राह्यली पाणी?"

राखीनं ओठ मिटून घेतले. तहानलेल्या चार वर्षांच्या पोरीची परीक्षा घेऊ नये, हे शीलाला कळत नव्हतं असं नाही. पण खरी परीक्षा अकरा वाजता होती आणि घड्याळात साडेनऊ झाले होते. पोरीनं एकदा पेल्याकडं पाहिलं, एकदा आईकडं, आणि जिभेवर आलेला शब्द गिळून टाकला.

"मम्मी, पाणी."

"शाब्बास," शीला म्हणाली आणि पेला दिला.

गिळलेला शब्द होता याडी. शीला आपल्या आईला याडी म्हणत वाढली होती, आणि तिची आई तिच्या आईला. तांड्यात आईसाठी दुसरा शब्दच नव्हता. पण दीड महिन्यापासून आर्णीतल्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये बंजाऱ्यांच्या गोरबोलीला बंदी होती. बायपासवरच्या इंग्रजी बालशाळेत प्रवेश हवा तर पोरगी तांड्यातली वाटता कामा नये, असं शीलानं ठरवून टाकलं होतं. याडीची मम्मी झाली, बापूचे पप्पा झाले, बाटीची रोटी झाली. नवराबायकोसुद्धा पोरीसमोर मराठीत बोलू लागली आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वागू लागली. भाजीत मीठ नाही, एवढं मराठीतून सांगायचंही शामच्या जिवावर येई. तो मुकाट्यानं वरून मीठ घेई.

शामची आई भुरीबाई मागच्या रविवारी तांड्यावरून आली तेव्हा तिलाही बंदी लागू झाली. नातीला मांडीवर घेऊन म्हातारी चार तास गप्प बसली. मराठी तिला येत नव्हती असं नाही, बाजारात भाव करण्यापुरती येत होती. पण नातीशी भाव कशाचा करायचा? जाताना तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, सुनेकडं न बघता चपला घातल्या आणि ऑटोत बसली.

शीलाला वाईट वाटलं, पण ती बधली नाही. तिच्याकडं कारण होतं. आश्रमशाळेत पहिल्या दिवशी गुरुजींनी तिला विचारलं होतं, जेवलीस का, काय खाल्लंस? ती भाकरीला घरचाच शब्द म्हणाली होती, बाटी. सगळा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि वर्षभर तिचं नाव बाटी पडलं. ती बारावीपर्यंत शिकली, ब्लाउज शिवता शिवता संगणकाचा कोर्सही केला, पण ते हसू काही तिच्या कानांतून गेलं नाही. माझ्या पोरीला कोणी हसायचं नाही, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

आर्णीतल्या चार शाळा तिनं पाहिल्या होत्या. एकीत अंगणात हिरवं प्लास्टिकचं गवत होतं आणि आतल्या बाईंना स्वतःलाच इंग्रजी येत नव्हती. एक फार लांब. तिसरी उर्वशीबाईंची, बुद्धविहाराच्या मागं, पत्र्याच्या दोन खोल्यांची. तिथं बाईंनी राखीला भाकरीचं चित्र दाखवलं आणि राखी बिनधास्त म्हणाली, बाटी. उर्वशीबाईंनी हातातलं काम थांबवलं. "बाटी म्हनतेत काय तुमच्याकडे? थांब, मले लिहू दे," म्हणत त्यांनी फळ्यावर भाकर या शब्दाखाली मोठ्या अक्षरांत बाटी लिहिलं आणि सगळ्या पोरांकडून दोनदा म्हणवून घेतलं. पोरं ओरडून म्हणाली. शीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती शाळा तिनं त्याच दिवशी यादीतून उडवली, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बंदी आली.

राहिली चौथी, बायपासवरची. पिवळी बस, काचेच्या खिडक्या, दारात टोपीवाला वॉचमन.

शामनं मोटारसायकल कडुनिंबाखाली लावली. मार्चचं ऊन चढू लागलं होतं. निळ्या साडीतली एक टीचर बाहेर आली, राखीचा हात धरून म्हणाली, "पॅरेंट्स बाहेर थांबा, प्लीज," आणि पोरीला घेऊन आत गेली. शामला हे सहन होईना. टायर खोलायला सांगितलं असतं तर त्यानं डोळे मिटून खोललं असतं, त्याचं गॅरेजच होतं, पण पोरीला एकटीला आत पाठवून बाहेर उभं राहणं त्याच्यानं होईना.

"मी चहा घेऊन येतो समोरून," म्हणून तो सटकला.

शीला मोटारसायकलला टेकून उभी राहिली. खिडकीच्या काचेतून तिला राखीच्या दोन वेण्या दिसत होत्या. तिला स्वतःचं दाखवणं आठवलं. तेव्हाही अशीच एक खोली होती, ओळीनं बसलेली माणसं होती, आणि नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मान खाली घालून उत्तरं द्यायची आणि मग त्यांचा निरोप येईपर्यंत वाट पाहायची. तिनं राखीला मान खाली घालू नको, एवढं मात्र बजावलं होतं.

तेवढ्यात आत राखी खुर्चीवरून उठली आणि तिनं थेट खिडकीकडं, शीलाकडं, बोट दाखवलं. शीलानं हात हलवला. आतल्या सगळ्या हसल्या. चांगलं चाललंय वाटतं, असं मनात येऊन शीलाही हसली.

पंधरा मिनिटांनी तिला आत बोलावलं. डायरेक्टर मॅडमच्या खोलीत पंख्याखाली राखी एका लाल खुर्चीवर बसली होती. टीचर बाजूला उभी होती. शामला हाक मारायला वेळ नव्हता.

"बसा. मुलगी गोड आहे हं तुमची," मॅडम म्हणाल्या. "कलर्स सांगितले, नंबर्स सांगितले, पोएम तर पूर्ण म्हटली. पण..."

हा 'पण' शीलाच्या ओळखीचा होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. घरात कोण कोण असतं? तर ही म्हणाली, पप्पा आणि गाडी."

"गाडी?"

"गाडी! टीचरनं सांगितलं, बेटा, माणसं सांग, जोरात सांग. तर जोरात, गाडी. तीन वेळा. मिस्टरांचं गॅरेज आहे ना तुमच्या? मुलांच्या डोक्यात तेच बसतं मग."

मॅडमनी कागद तिच्याकडं फिरवला. खाली शेऱ्याच्या चौकटीत सुबक अक्षरांत लिहिलं होतं: माणूस व वस्तू यांतील फरक कळत नाही. आईचा उल्लेख नाही. एक वर्ष थांबावे.

मधलं वाक्य शीलानं दोनदा वाचलं. दीड महिना सकाळ-संध्याकाळ जिच्यापुढं बसून मी घोकून घेतलं, तिला बाप आठवला, गॅरेजातली पत्र्याची गाडी आठवली, आणि मी नाही? आधी तिला शामचा राग आला, मग पोरीचा, आणि मग नुसतंच रडू यायला लागलं.

"आईचं नाव एकदाही नाही घेतलं तिनं?" तिनं विचारलं. या खोलीसाठी म्हणून जपून ठेवलेली तिची पुस्तकी मराठी अजून शाबूत होती.

"नाही ना. मलाही वाईट वाटलं."

"मी तर विचारलं, कुठं आहे तुझी गाडी?" टीचर उत्साहानं सांगू लागली. "तर हिनं खिडकीतून बोट दाखवलं. आणि खरंच, तिथं तुमची बाइक उभी! आम्हाला इतकं हसू आलं..."

शीलानं मान वर केली. तिनं टीचरकडं पाहिलं, मग खिडकीकडं, मग लाल खुर्चीतल्या राखीकडं. राखीनं ओठ सकाळसारखेच घट्ट मिटले होते. काहीतरी आपल्याकडून सुटून गेलंय आणि आता पाणी मिळणार नाही, असा तिचा चेहरा होता.

"बाइकजवळ मी उभी होती," शीला म्हणाली.

"हो, तुम्हीही असाल."

"गाडी नाही म्हटलं तिनं. याडी म्हटलं." तो शब्द मोठ्यानं उच्चारताना तिचा आवाज जरा फाटला. "याडी म्हंजे आई. आमच्या बोलीत. तीनदा इचारलं तुमी, तीनदा सांगितलं तिनं. वरून बोट दाखवून सांगितलं, हे माई याडी."

पुस्तकी मराठी गेली होती. शीलाला ती जाताना कळलीसुद्धा नाही.

मग मॅडम मनापासून हसल्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं! फॉर्मवर तर तुम्ही घरची भाषा मराठी लिहिलीय."

"ते खोटं मीच लिहिलं."

"असू द्या, असू द्या." मॅडमनी ड्रॉवरमधून व्हाइटनर काढला आणि शेऱ्याच्या तिन्ही वाक्यांवरून फिरवला. वर फुंकरही मारली. "झालं. ॲडमिशन पक्की समजा. फक्त तो शब्द तेवढा काढून टाका. लहान आहे, दोन-तीन महिन्यांत विसरेल."

"काय इसरन?"

"तो शब्द हो! आईला थोडीच विसरणार आहे?"

शीला त्या ओल्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघत राहिली. हवं होतं ते मिळालं होतं. मॅडम जे सांगत होत्या तेच तर ती दीड महिना घरात करत होती, पाण्याचा पेला मागं घेऊन घेऊन. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला त्याची शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग असा संताप आला की तिचे कान तापले. आश्रमशाळेतल्या गुरुजींनाही तिनं इतक्या वर्षांत कधी एवढ्या शिव्या मनात दिल्या नव्हत्या, जेवढ्या त्या घटकेला स्वतःला दिल्या.

"मॅडम, एक डाव म्हनून पाहा बरं."

"काय?"

"याडी."

"अहो, त्याची काय गरज..."

"दोन अक्षरं हायेत. माई पोरगी तुमची अख्खी पोएम पाठ करून आली."

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं. बाजूला उभी असलेली टीचर मात्र हळूच, बरोबर म्हणाली, "याडी." मॅडमनी तिच्याकडं पाहिलं तशी ती खाली वाकून फायली नीट लावू लागली.

शीला उठली. तिनं टेबलावरचा फॉर्म उचलला, व्हाइटनर वाळायची वाट न पाहता त्याची घडी घातली आणि पिशवीत टाकला.

"मले पाहाले आलते लोकं, तवा त्यायचा निरोप यायची वाट पाहत आठ दिवस बसलो होतो आमी," ती म्हणाली. "तुमाले तसं बसवत नाही. आत्ताच सांगून देते. पोरगी तुमाले पसंत हाये, समजलं. शाळा आमाले पसंत नाही."

"अहो, रागावताय कशाला? आर्णीत अशी दुसरी शाळा नाही, विचारा कोणालाही."

"नसन," शीला म्हणाली आणि राखीचा हात धरून बाहेर पडली.

शाम कडुनिंबाखाली दोन कागदी कप धरून उभा होता. त्यातला एक थंड होऊन साय धरलेला.

"काय झालं? नापास केलं?"

"हो."

"कोणी? त्या मॅडमनं?"

"मी." शीलानं थंड चहा एका घोटात संपवला. "उर्वशीबाईकडे घ्या गाडी."

"तिथं तर तूच म्हनत होती..."

"मीच म्हनत होती. आता मीच म्हनून राह्यली."

शामचा चेहरा असा उजळला की शीलाला त्याचाही थोडा राग आला. त्यानं किल्ली लावली. राखी दोघांच्या मधे उभी होती, वेणीची रिबीन चावत.

"मम्मी," ती हळूच म्हणाली, "मी चुकली?"

शीला खाली बसली. पोरीचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला.

"त्यायनं इचारलं, घरात कोण कोण हाये. तू काय सांगितलं?"

राखीनं वॉचमनकडं पाहिलं. काचेच्या खिडकीकडं पाहिलं. बापाकडं पाहिलं. मग आईच्या गळ्यात हात टाकून, कानाला तोंड लावून, चोरी केल्यासारखा तो शब्द सांगितला.

"जोरात," शीला म्हणाली.

"याडी!"

वॉचमननं वळून पाहिलं. खिडकीत निळी साडी दिसल्यासारखी झाली. शीलानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, आणि पोरीनं मागायच्या आत तिच्या हातात दिली.